साखरझोप

वार्दोच्या धक्क्यावर जून महिन्यात
रात्रीचा दिवस करावा लागत नाही.
तो झालेलाच असतो.
सूर्य क्षितिजापर्यंत येतो आणि माघारी फिरतो,
विसरलेली किल्ली न्यायला आल्यासारखा.

मी तोरगुन. एकोणीस वर्षं कॉडच्या पोटात सुरी.
रात्री दहा ते सकाळी सहा.
तीनला भोंगा होतो,
आम्ही रबरी हातमोजे उलटे करून टांगतो
आणि जेवतो. म्हणजे मी जेवते:
पावाचे चार काप, वर तपकिरी चीज,
कॉफीत दोन चमचे.
वाइदोतास लिथुएनियाचा. तो नुसतं पाणी पितो
आणि माझ्याकडे असा बघतो, जशी मी
झोपलेल्या घराची बेल दाबतेय.

दवाखान्यात बेरितनं बोट टोचलं.
आकडा वाचला. मग दुसरं बोट टोचलं,
जणू ते वेगळी साक्ष देणार होतं.
म्हणाली, तोरगुन, तुझ्यात एकच घड्याळ नाही.
डोळ्यांमागे एक आहे, ते उजेडावर चालतं.
यकृतात एक, ते जेवणावर.
चरबीत, स्नायूंत, स्वादुपिंडात,
जिथे तिथे कुणीतरी मनगट वर करून वेळ बघतंय
आणि एकाची वेळ दुसऱ्याला पटत नाही.

मला हसू फुटलं. हे तर आमचंच घर.
स्वयंपाकघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे,
ओत्तारच्या बोटीवरचं रशियाच्या वेळेनं,
आणि भिंतीवरच्याला किल्ली कुणी द्यायची
यावर अकरा वर्षं वाद.

तोच पाव, ती म्हणाली, तेच चीज.
सकाळी आठला खाल्लंस तर स्वादुपिंड दारातच उभं असतं.
पहाटे तीनला ते अंथरुणात.
कडी वाजते, ते धडपडत उठतं, चप्पल सापडत नाही,
तोवर साखर रक्तात फिरत राहते,
धक्का न मिळालेल्या बोटींसारखी.

आणि पहाट तर त्याहून विचित्र.
पोटात काही नसताना
यकृत आपणहून कोठार उघडतं:
ही आता उठेल, हिला लागेल.
अरे, मी उठत नाहीये.
मी अजून सुरी धुतेय.
तरी ते ओततं. आईनं ताटात वाढावं तसं,
नको नको म्हणेपर्यंत.

पहाटेच्या झोपेला साखर म्हणणारी
एखादी भाषा असेलच कुठेतरी.
त्या लोकांना बोट टोचून बघावं लागलं नसेल.

आता तीनला मी पाणी पिते.
पहिल्या रात्री भुकेनं हात कापला, सुरी अंगठ्यात गेली.
वाइदोतासनं काही न बोलता
आपल्या पिशवीतून काकडी काढली,
अर्धी मला, अर्धी परत पिशवीत.
घरी ओत्तारनं निजायच्या खिडकीवर
जुनं शीड ठोकलंय. डांबराचा वास येतो.
बाहेर वळचणीला कुरव पक्षी भांडतात,
त्यांना कुणी रात्र सांगितलेलीच नाही.

आकडा उतरला. थोडा. मग ऑगस्टमध्ये चढला,
कारण बहिणीच्या लग्नात मी मध्यरात्री केक खाल्ला,
आणि तो चांगला होता.

नोव्हेंबरात सूर्य गेला.
तेव्हा शिडाची गरज उरली नाही,
पण ते काढायला दोघांनाही सवड झाली नाही.

जानेवारीत, वीस तारखेच्या आसपास,
त्याची अख्खी चकती दिसली की किल्ल्यावर तोफ उडते
आणि शाळेतली पोरं घरी सोडतात.
या वर्षी मी झोपले होते.
आवाजानं पेला खिडकीतून पडला, फुटला नाही.
शिडाला एक भोक आहे, नाण्याएवढं.
त्यातून उजेड माझ्या पोटावर आला, उजवीकडे,
बरगडीच्या जरा खाली.

दुपारचे बारा वाजले होते.
मी तिथे हात ठेवला.
ऐकलंस ना, म्हटलं,
उजाडलंय. आता वाढ.